मिनिटाला चौतीस ठोके

३ नोव्हेंबर, सोमवार

काल जगन खळ्यावर पडला.

पाठीवर भाताचा भारा होता. शेतातून खळ्यापर्यंत चढ आहे. तो चढून आला, भारा टाकायला वाकला आणि तसाच खाली गेला. पाय घसरला असता तर हात आपोआप पुढे आले असते. हात आले नाहीत. मी धावत पोचले तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, डोळे अर्धे उघडे. सासू ओरडली, "पाणी आण गं!" मी तांब्या घेऊन वळले, तर हा उठून बसलेला. तोंड लालबुंद, कानसुद्धा लाल. म्हणाला, "काय बघता असे? भारा उचला."

सगळं मिळून दहा-बारा सेकंद.

सासू म्हणाली, सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून झालं. पण त्याने नागलीची दीड भाकर खाल्ली होती, मीच वाढली होती. शेजारच्या खळ्यावरून कुणीतरी म्हणालं, "सकाळीच घेतली काय रं?" आणि सगळे हसले.

दारू सोडून त्याला सहा वर्षं झाली. पोरीच्या, ममताच्या, डोक्यावर हात ठेवून सोडली. तरी दुपारी तो आडवा झाल्यावर मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. विडीशिवाय कसलाही वास नव्हता. आपल्या माणसाचा असा वास घ्यावासा वाटला याची लाज वाटते. हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. अंगणवाडीची माहिती आता मोबाईलमध्ये भरतो, त्यामुळे हे रजिस्टर कोरंच पडलं होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी झाली, भात कापून झालं, आता माणसं वीटभट्टीवर निघाली. जगनची जीप रोज भरून जाते. दाभोशाच्या धबधब्याखालच्या आमच्या पाड्यावरून जव्हार, आणि बाजाराच्या दिवशी पुढे मोखाडा. वीस वर्षं तो हा रस्ता चालवतो. वेळ सांगायची तर लोक घड्याळ सांगत नाहीत, "जगनची गाडी जायच्या आधी" असं सांगतात.

मला खुपतंय ते वेगळंच. गेला महिनाभर आमच्या पाड्यावरचा विनोद रोज त्याच्या बाजूला पुढे बसतो. विनोद स्वतः ड्रायव्हर. मोखाड्याला एकाची पिकअप चालवायचा, ती त्याने सोडली. एका जीपमध्ये दोन ड्रायव्हर कशाला? जगनला विचारलं तर म्हणाला, "सोबतीला." वीस वर्षं सोबत लागली नाही, ती आताच कशी लागली?

विनोद पितो हे सगळ्या पाड्याला माहीत आहे.

आज जीप दारात उभी होती, तो नदीवर गेला होता. मी सीटखाली हात घालून बघितलं. जॅक, पुसायचं फडकं, गॅसच्या गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं. बाटली नाही. नदीवरून येताना तो चढावर दोनदा थांबला. मला वाटलं माझ्याकडेच बघत थांबलाय, मी सीटखालून हात काढला.

९ नोव्हेंबर, रविवार

ममता वसतिगृहातून घरी आली. बारावीला आहे, जव्हारला. तिच्या वहीत घरातल्या माणसांच्या नाडीचे ठोके लिहून न्यायचे होते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची, घड्याळात पूर्ण मिनिट बघायचं. आजीचे चौऱ्याहत्तर. माझे ब्याऐंशी. तिचे स्वतःचे अठ्ठ्याहत्तर.

जगनचे चौतीस.

"हलू नका ना बाबा," म्हणून तिने परत मोजले. तेहतीस. मग गळ्याजवळ बोटं ठेवून मोजले. चौतीस.

"माझं इंजिन डिझेलचं हाय," जगन म्हणाला. "हळू चालतं पण चढ काढतं."

आम्ही सगळे हसलो. मी जास्त हसले. ममता म्हणाली, पुस्तकात लिहिलंय की धावपटूंचे ठोके कमी असतात, बाबा कष्ट करतात म्हणून असेल. मग तिने मला चित्र दाखवलं. हृदयाला चार खोल्या, वर दोन लहान, खाली दोन मोठ्या. उजवीकडच्या खोल्या अंगातून फिरून आलेलं रक्त घेतात आणि फुप्फुसाकडे ढकलतात, डावीकडच्या ते ताजं झालेलं रक्त सगळ्या अंगात पाठवतात. मध्ये एकाच बाजूला उघडणारी दारं. आपण नुसते बसलो असलो तरी मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं.

मी विचारलं, "आणि चौतीस ठोक्यांत?"

"एकेका ठोक्यात जास्त जात असेल," ती म्हणाली, पण वही मिटताना तिने त्या आकड्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज विनोदला बोलले. सकाळी तो जीपची वाट बघत ओट्यावर बसला होता. मी म्हणाले, "तू माझ्या नवऱ्याला मोखाड्याला कुठे घेऊन जातोस ते मला कळतं. स्वतःचं वाटोळं केलंस तेवढं पुरे. माझ्या दारात बसू नको."

त्याने मान वर केली नाही. "बरं वहिनी," म्हणाला आणि उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. पंधरा मिनिटांनी जीप निघाली, तेव्हा पुढे बसलेला होताच. निर्लज्ज.

अंगणवाडीत आज पोरांचे ठोके मोजले. शंभर, शहाण्णव, एकशे चार. ज्याचा हात हातात येईल त्याचे मोजत होते. चौतीस कुणाचे नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

उपकेंद्रात लसीकरण होतं. काम झाल्यावर मी सिस्टरना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

"चौतीस? नक्की मिनिटभर मोजले?"

"तीनदा."

"चक्कर येते? पडतात कधी?"

मी खळ्यावरचं सांगितलं. पडण्याआधी चेहरा पांढरा, उठल्यावर लाल, हेही सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, उद्याच्या उद्या जव्हारच्या दवाखान्यात न्या, हृदयाची पट्टी, ईसीजी, काढायला लागेल. मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"रंजनाताई, तोवर जीप चालवू देऊ नका. एकही फेरी नाही."

संध्याकाळी त्याला दवाखान्याचं सांगितलं. तो म्हणाला, "भट्टीवाले जाऊ दे, मग बघू. आठ दिवस." जीपचं काय ते मी बोललेच नाही. बोलायचं ठरवूनच घरी आले होते. तो जेवत होता, सासू बसली होती, उद्या बोलू असं झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहायचंच.

आज चैतीची तपासणी होती. आठवा महिना, अंगावर सूज, तिला जव्हारला पाठवायचंच होतं. अंगणवाडीत रोज जेवायला येते ती, माझ्याच यादीतली. सकाळी ती माझ्याबरोबर रस्त्यावर उभी होती. जगनची जीप आली. मी हात दाखवला. जीप थांबली. मी चैतीला दंडाला धरून वर चढवलं, मधल्या सीटवर बसवलं आणि तिची पिशवी तिच्या मांडीवर दिली. ती म्हणाली, "बाई, तू पण चल ना." मी म्हणाले, "मला पोरं आहेत."

जीप वळणाआड गेली तेव्हा सिस्टरचं बोलणं आठवलं असं मी लिहू शकते. पण ते आठवायला नको होतं, ते डोक्यातच होतं. दुसरी गाडी अकराला होती. थांबता आलं असतं. रस्त्यावर नवऱ्याची गाडी नाकारली तर लोक काय म्हणतील, एवढंच त्या वेळी मनात होतं.

दिवसभर पोरांना काय शिकवलं माहीत नाही. खिचडी लागली. दर थोड्या वेळाने रस्त्यावर जाऊन कान लावत होते. खाली दरीत कुठे माणसांचा गलका तर नाही ना. साडेतीनला हॉर्न ऐकला. चैती उतरली, हसत म्हणाली, "बाई, पोट बरोबर हाय, सुजेला गोळ्या दिल्या." मी तिला पाणी दिलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी जीपची चावी मी तांदळाच्या डब्यात लपवली. त्याने मागितली, मी म्हणाले माहीत नाही. त्याने दोन मिनिटांत शोधून काढली. मी दारात आडवी उभी राहिले.

"सिस्टर बोलल्यात. तू गाडी चालवायची नाय."

"सिस्टरला काय कळतं गाडीतलं?"

"तू पडतोस जगन. खळ्यावर पडलास तसा घाटात पडलास तर?"

त्याने चावी खिशात टाकली. मग म्हणाला, "घाटात पण झालंय."

मला आधी समजलंच नाही. तो खाली बसला आणि जमिनीकडे बघत बोलला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जीप रिकामी घेऊन येत होता. चढावर डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आला तेव्हा जीप मागे घरंगळून एका दगडाला टेकलेली, दगडापलीकडे काही नव्हतं. विनोद मागून मोटारसायकलवर येत होता, त्याने दार उघडून त्याला बाहेर काढलं.

"म्हणून तो बाजूला बसतो," जगन म्हणाला. "मी मान टाकली तर स्टेअरिंग धरायला. त्याने मला शपथ घातलीय, एकट्याने चालवायची नाय."

मी ओट्यावर बसले. सोमवारी विनोदला काय काय बोलले ते एकेक शब्द आठवला. तो फक्त "बरं वहिनी" म्हणाला होता.

पण राग गेला नाही, वाढला. "आणि ब्रेक कोण मारणार होता? त्याचे पाय पोचतात काय तुझ्या बाजूला? मागे दहा माणसं बसवून तुम्ही दोघं जण असला खेळ खेळताय? गाडीच का नाय दिलीस त्याला?"

"दिली की लोक विचारतील का दिली. मग सांगायला लागेल. मग माझ्या गाडीत कोण बसेल? माझे आबा असेच शेतात पडले नि उठले नाय, ते सगळ्यांना माहीत हाय. बोलतील, ह्याचा पण नंबर लागला." तो उठला. "आठ दिवस, रंजना. भट्टीवाले पोचू दे."

आणि गेला. मी त्याला अडवलं नाही.

दोन दिवस झाले मला कळून. आज तिसरा.

१६ नोव्हेंबर, रविवार. नाशिक

वॉर्डातल्या सिस्टरने कोरे कागद दिलेत. घरी गेल्यावर रजिस्टरात चिकटवीन.

काल सकाळी मी अंगणवाडीची चावी मदतनीस बाईला दिली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. जीप भरलेली आली. वर टपावर भट्टीवाल्यांची गाठोडी, मागे पुंजा, त्याची बायको माघी आणि त्यांची तीन पोरं, मध्ये जिवा आजा मांडीवर दोन कोंबड्या घेऊन, आणखी चार-पाच जण. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. जगनने हॉर्न दिला. मी हलले नाही. जीप माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"बाजूला हो," तो म्हणाला.

मी खिडकीशी गेले नाही. गेले असते तर हळू आवाजात बोलले असते आणि पुन्हा तेच झालं असतं. तिथूनच मोठ्याने म्हणाले, "सगळे खाली उतरा. जगनला चालवता चालवता चक्कर येते. शुद्ध जाते. दसऱ्याला गाडी दरीत जाता जाता वाचलीय."

कुणी उतरलं नाही. पुंजा म्हणाला, "बाई, नवरा-बायकोचं भांडण घरी करा. आमची पुढची गाडी जाईल." जिवा आजा म्हणाला, "मना बाजाराला जायचं हाय." मागे कुणीतरी हसलं. जगन समोर बघत होता. त्याच्याइतका एकटा माणूस मी कधी बघितला नाही, आणि त्याला तसा मीच केला होता.

"खोटं वाटत असेल तर विनोदला विचारा," मी म्हणाले.

सगळे विनोदकडे बघायला लागले. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. "खरं हाय," तो म्हणाला.

पहिली माघी उतरली. एक पोर काखेत, एकाचा दंड धरलेला. मग बाकीचे. जो तो जगनकडे बघत उतरला. तो स्टेअरिंग सोडेना. विनोद वळसा घालून त्याच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि हळूच म्हणाला, "सरक."

तो सरकला.

मग विनोदने हाक मारली, "चला, बसा आता." सगळे परत चढले. मी जगनच्या बाजूला बसले. बाजारवाले, भट्टीवाले, कोंबड्या, सगळ्यांना घेऊनच जीप जव्हारच्या दवाखान्यात गेली. वाटेत त्याचं मनगट मी हातात धरलं. त्याने काढून घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पट्टी काढली आणि लगेच त्याला आतल्या खाटेवर निजवलं, छातीला तारा लावल्या, डोक्याशी पडदा सुरू केला. त्यावर हिरवी रेघ पळत होती. मी नर्सच्या मागे उभी होते. बाईंनी मला पुढे घेतलं.

"ह्या लहान टेकड्या दिसतात? हे वरच्या खोल्यांचे ठोके. बघा, भराभर येतायत, मिनिटाला ऐंशी-नव्वद. आणि हे उंच सुळके, हे खालच्या मोठ्या खोल्यांचे. प्रत्येक टेकडीमागे एक सुळका यायला हवा. यांचे सुळके आपल्या आपण येतायत, बत्तीस. वरच्या खोल्या निरोप पाठवतायत, खाली पोचत नाही. मधली वाट बंद झालीय."

"मग खालच्या चालतात कशा?"

"त्या स्वतःच्या बळावर थोडं चालतात. पण त्या बळाचा भरवसा नसतो. यांना नाशिकला..."

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. पडद्यावर टेकड्या येत होत्या. एक, दोन, तीन, चार. सुळका आला नाही. पाच. सहा. जगन माझ्याकडेच बघत होता. त्याच्या डोळ्यांतलं बघणं गेलं. डोळे तिथेच राहिले, चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, ओठ मातीसारखे झाले. टेकड्या येतच होत्या, अगदी वेळेवर, नीट. बाई खाटेवर गुडघा टेकवून वर चढल्या आणि दोन्ही तळहातांनी त्याची छाती दाबायला लागल्या. बरगडी वाजली ती मी ऐकली. कुणीतरी मला मागे ओढलं. मी मोजत होते, काय मोजत होते माहीत नाही, एकवीसपर्यंत गेले.

मग एक सुळका आला. दूरवर दुसरा. तिसरा. आणि जगनचं तोंड पुन्हा लालबुंद झालं, खळ्यावर झालं होतं तसं. तो कण्हत म्हणाला, "कोण दाबतंय? सोडा."

हे स्टेअरिंगवर झालं असतं. गुरुवारी झालं असतं.

बाईंनी सलाईनमधून ठोके वाढवायचं औषध लावलं, गरज पडली तर बाहेरून ठोका द्यायला छातीवर दोन मोठ्या चिकटपट्ट्या लावल्या आणि रुग्णवाहिका बोलावली. नाशिकचा रस्ता मोखाड्यावरूनच जातो. ज्या वळणांवर त्याने वीस वर्षं गाडी घातली त्याच वळणांनी तो आडवा चालला होता. प्रत्येक वळणाला त्याच्या हाताला धक्का बसायचा, मी सुईवर हात धरून बसले होते. रुग्णवाहिकेतले डॉक्टर पडद्यावरून नजर काढत नव्हते. मोखाडा मागे पडल्यावर तो एकदाच बोलला.

"सगळ्यांसमोर उतरवलंस मला."

मी हो म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल मांडीच्या शिरेतून एक तार हृदयापर्यंत नेली. ती बाहेरच्या डब्याला जोडलीय. डब्यावर सत्तर आकडा दिसतो आणि पडद्यावर सत्तर सुळके येतात. त्याचे हात कोमट झालेत. त्याचे हात थंड असायचे हे आज कळलं. मला वाटायचं थंडीचे दिवस आलेत.

इथल्या डॉक्टरांनी कागदावर काढून नीट समजावलं. उजवीकडच्या वरच्या खोलीत एक जागा असते, तिथून विजेसारखा इशारा उठतो. तो आधी वरच्या खोल्यांना मिळतो, त्या आकसतात, रक्त खाली उतरतं. मग इशारा मधल्या एका बारीक गाठीत क्षणभर थांबतो, खालच्या खोल्या भरून होईपर्यंत. मग खाली जातो आणि त्या आकसतात. जगनच्या गाठीतून पुढे काही जात नाही. कशामुळे ते सांगता येत नाही म्हणाले, काहींचं असं होतं.

मी विचारलं, मग तो इतके दिवस कामं कशी करत होता? ते म्हणाले, "ठोके कमी असले की हृदयाला भरायला वेळ मिळतो, एकेका ठोक्यात जास्त रक्त जातं. बसून असला की भागतं. चढ लागला की पाय जास्त रक्त मागतात, तेव्हा निरोगी माणसाचे ठोके वाढतात. यांचे वाढूच शकत नाहीत."

तो नदीवरून येताना चढावर दोनदा थांबला होता. आणि मी सीटखाली बाटली शोधत होते.

जगनच्या वडिलांचंही असंच असेल का, ते विचारलं. ते म्हणाले, आता कसं सांगणार. पण ममताची आणि तिच्या बाबांच्या भावंडांची पट्टी काढून घ्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल यंत्र बसवलं. गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढं, कातडीच्या आत. सरकारी योजनेत झालं. ठोका वेळेवर आला नाही तर ते आतून इशारा देतं. महिनाभर डावा हात खांद्याच्या वर उचलायचा नाही, मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही.

"आणि गाडी?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"दीड-दोन महिने तरी नाही. तपासणी करून मी लिहून देईन तेव्हा. प्रवासी गाडी आहे ना?"

"हो."

"मग तोवर अजिबात नाही."

तो माझ्याशी बोलत नाही. पाणी दे, चादर दे, एवढंच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

घरी येऊन चार दिवस झाले. माणसं येऊन बघून जातात. सगळे माझं कौतुक करतात. जिवा आजा म्हणाला, "बाई होती म्हणून आम्ही वाचलो." जगनसमोर म्हणाला. जगन उठून आत गेला.

विनोद जीप चालवतो. आज तो आल्यावर मी ओट्यावरच त्याच्यापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुला बोलले ते..." त्याने मला पुरं बोलू दिलं नाही. म्हणाला, "वहिनी, मी पण चुकलो. धरून आणायला पाहिजे होता त्याला दवाखान्यात. तो भाऊ म्हणाला नि मी ऐकलं." डोळे पुसले त्याने. मी चहा टाकला.

४ डिसेंबर, गुरुवार

आज जगन माझ्याबरोबर नदीपर्यंत आला आणि चढ एका दमात चढला. वर पोचल्यावर उभा राहून खाली बघत राहिला. मग आपणहून बोलला.

"घरात सांगून मी ऐकलं नसतं."

"माहीत हाय."

"पण राग जात नाय माझा. त्या माणसांची तोंडं दिसतात. उतरताना बघत होती ती."

जाईल तेव्हा जाईल. आम्ही एका घरातच आहोत.

२६ डिसेंबर, शुक्रवार

चैतीला परवा मुलगी झाली. जव्हारला, व्यवस्थित. दोन किलो सातशे. आज बघायला गेले तेव्हा बाळाची टाळू भराभर उडत होती. घरातल्या म्हाताऱ्या मला म्हणाल्या, "ये, ये, तूच हिला वाचवलीस." चैती खाटेवरून हसली. मी बसले नाही, काम आहे म्हणून निघाले.

१२ जानेवारी, सोमवार

आज चैती अंगणवाडीत आली. बाळाला घेऊन, आहाराची पाकिटं न्यायला. पोरं घरी गेली होती. ती बसली, बाळाला पाजलं आणि तसंच पाजता पाजता विचारलं.

"बाई, त्या गुरुवारी मी जगनदादाच्या गाडीतून तपासायला गेलेली. तुला कधी कळलेलं?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. सिस्टरच्या बोलण्यातून काही कानावर आलं असेल, किंवा नुसता हिशोब मांडला असेल. महिनाभर माझं कौतुक झालं, तेव्हा मी कुणालाही अडवलं नव्हतं. आता सांगता आलं असतं की शुक्रवारी कळलं. घाटातलं मला खरोखर शुक्रवारीच कळलं होतं. तेवढं सांगून ते खोटंही ठरलं नसतं.

"बुधवारी," मी म्हणाले. "सिस्टर बोलल्या होत्या, एकही फेरी करू देऊ नका. तरी मी तुला बसवलं."

तिने बाळाकडे बघितलं. "मी तुला म्हटलेलं, तू पण चल."

"हो."

"तू आली नाय."

"नाय आले."

बाळाचं पिणं संपेपर्यंत ती बसून राहिली. मी माफी मागितली. तिने ऐकलं, पण वर बघितलं नाही. मग पदर सारखा केला, बाळ झोळीत घेतलं आणि उठली. पाकिटं मी पुढे केली, ती तिने घेतली. मागे न बघता गेली.

संध्याकाळी जगनला सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "मला सगळ्यांसमोर उतरवलंस, तेव्हा हे पण सांगायचं होतंस." मग माझ्या बाजूला सरकून बसला.

उद्या चैतीच्या बाळाचं वजन करायचं आहे. ती आली नाही तर काटा घेऊन मी तिच्या घरी जाईन. आत घेतलं नाही तर ओट्यावर थांबेन.